मुंबईचा नागरी कारभार आणि मुलींचे शिक्षण

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



देवळाच्या महोत्सवात म्युनिसिपालिटीचे नाव काढणे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. महोत्सव म्हटला की देऊळ कोणी उभारले, घंटा कोणी दिली, कोणकोणते व्हिगार येथे होऊन गेले, ह्यांचे स्मरण करावयाचे. आणि ते योग्यच आहे. त्या गोष्टी ह्या पुस्तिकेत इतरांनी लिहिल्या आहेत. आम्हांस उत्सवसमितीने स्त्रीशिक्षण हा विषय दिला. त्या विषयावर बोलावयाची आपल्या समाजात एक ठरलेली रीत आहे. कॉन्व्हेंटांची नावे घ्यावी, सिस्टरांचे उपकार आठवावे, आपल्या मुली शेजारच्या समाजांतील मुलींच्या आधी शिकल्या असे म्हणून टाळ्या घ्याव्या आणि खाली बसावे. आज आम्ही त्या रीतीने जाणार नाही. सिस्टरांविषयी आमच्या मनात आदर कमी आहे म्हणून नव्हे, तर त्या रीतीने सांगितलेली हकीकत अर्धीच राहते म्हणून. ह्या शहरात मुलीने शिकावे ही गोष्ट प्रथम दात्याच्या मर्जीवर होती, मग ती कायद्याने नगराचे कर्तव्य झाली. दात्यांचा भाग आपणांस पाठ आहे. कर्तव्याचा भाग कसा घडला आणि त्यात आपले काय आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मुंबईत मुलींची पहिली शाळा अमेरिकन मिशनने १८२४ साली काढली, असे सामान्यतः मानतात. डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन १८२९ साली येथे आल्या आणि थोड्याच काळात त्यांनीही मुलींच्या शाळा उघडल्या. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापिली. दादाभाई नौरोजी हे त्या मंडळींतले अग्रणी. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली ती ह्याच वर्षी. सोसायटीने १८४९ साली मराठी व पारशी मुलींकरिता शाळा सुरू केल्या. शिकवावयास स्त्री-शिक्षक कोठून मिळणार? तेव्हा हे तरुण स्वतःच सकाळी एकदोन तास विनावेतन शिकवीत, आणि मग आपल्या कामास जात. जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्यासारख्या धनिकांनी ह्या शाळांस आश्रय दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोर्ट, भायखळा, वांद्रे येथे मठवासिनी भगिनींच्या शाळा वाढल्या. एकीकडे सुखवस्तूंच्या मुली आणि दुसरीकडे अनाथ मुली, अशा दोहोंस त्यांनी छपराखाली घेतले.

ह्या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि ह्या साऱ्या शाळांत एक उणीव सारखीच होती, आणि ती चालकांच्या दोषामुळे नव्हे तर धर्मादायाच्या स्वभावामुळेच होती. धर्मादाय जेथे पोचतो तेथेच दिवा लागतो. शेट दिवंगत झाला, ज्ञातीतील वडीलधारी रागावली, मिशनच्या मायदेशाहून पैसा येईनासा झाला, की शाळेचे दार लागते. आणि ते लागले तर ज्या मुलीची शाळा गेली तिला कोणाकडेही दाद मागता येत नाही. दान मागता येते, पण हक्काने मागता येत नाही. कोळीवाड्यातील, गिरणगावातील, कामाठीपुऱ्यातील मुलीच्या बापाने कोणत्या शेटच्या पायरीवर जाऊन बसावे?

ह्या प्रश्नास उत्तर देण्याचा आरंभ १८८२ साली झाला. त्या वर्षी लॉर्ड रिपन ह्यांनी स्थानिक स्वराज्याविषयी आपला प्रसिद्ध ठराव केला, आणि त्याच वर्षी हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण कमिशन बसले. कमिशनने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे द्यावा अशी शिफारस केली. शिवाय मुलींच्या शिक्षणावरील खर्च हा स्थानिक, म्युनिसिपल व प्रांतिक अशा तिन्ही निधींवरील रास्त भार समजावा, असे स्पष्ट सांगितले. हे वाक्य आज आपणांस साधे वाटते. पण ज्या काळी देशात लिहितावाचता येणारी स्त्री शंभरांत एकसुद्धा सापडत नसे, त्या काळी गटारे व दिवाबत्ती ह्यांच्याबरोबर मुलींच्या शाळेसाठीही करदात्यांच्या पैशातून खर्च व्हावा, असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता मुंबईच्या कॉर्पोरेशनकडे वळू. १८७२ च्या कायद्याने तिचे चौसष्ट सभासद ठरले. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे, सोळा जस्टिस ऑफ दि पीस ह्यांनी आणि सोळा सरकारने. करदाते म्हणजे कोण, तर घरपट्टी भरणारे घरमालक व व्यापारी. चाळीच्या खोलीत राहणारा कोणी नव्हे. फिरोजशहा मेहता ह्यांचा ज्याच्या घडणीत मोठा हात होता तो कायदा १८८८ साली झाला, आणि आजही अनेक दुरुस्त्यांसह तोच चालू आहे. त्याचे एकसष्टावे कलम आमच्या मते ह्या शहरातील प्रत्येक आईने एकदा तरी वाचावे असे आहे. म्युनिसिपालिटीस जे ऐच्छिक आहे ते त्रेसष्टाव्या कलमात आहे. एकसष्टाव्यात जे आहे ते तिला केलेच पाहिजे. रस्ते झाडणे, मोऱ्या बांधणे, पाणी पुरविणे, रस्त्यांवर दिवे लावणे, देवी टोचणे, अशी ती यादी आहे, आणि तिच्यातच प्राथमिक शिक्षणाच्या शाळा चालविणे, त्यांस साह्य देणे व त्यांस योग्य जागा मिळवून देणे, हे कर्तव्य घातले आहे. तीन क्रियापदे आहेत, आणि तिन्ही निरनिराळी आहेत हे ध्यानात ठेवावे. स्वतः शाळा चालविली म्हणजे म्युनिसिपालिटीचे काम संपले असे नाही. दुसऱ्याच्या शाळेस साह्य देणे, आणि गळक्या छपराखाली मुले बसविली जाऊ नयेत हे पाहणे, हेही तिच्याकडेच आहे.

कायद्यात लिहिले म्हणून मात्र पैसा आला नाही. त्या काळी शहराच्या पोलिसांचा खर्चही म्युनिसिपालिटीच्या माथी होता, आणि सरकार व कॉर्पोरेशन ह्यांच्यात त्यावरून वर्षानुवर्षे भांडण चालले होते. १९०७ साली त्याचा निकाल लागला. पोलिसांचा खर्च सरकारने आपल्याकडे घेतला आणि त्याच्या मोबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय साह्य ह्यांचा भार शहराने उचलला. शिपायाची काठी सोडून पाटी हाती घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. हा सौदा शहरास फायद्याचा झाला की तोट्याचा, ह्याचा हिशेब त्या वेळच्या मंडळींनी पुष्कळ केला. मुलींच्या दृष्टीने तो फायद्याचाच झाला, कारण तेव्हापासून शाळा नाही ह्याबद्दल जाब कोणास विचारावा हे निश्चित झाले.

इतके झाले तरी मुलगी शाळेत येईना. का येईना, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते घरात पाहावे लागते. आई गिरणीत किंवा मासळीच्या टोपलीमागे गेली म्हणजे धाकट्या भावंडाला कडेवर घेणारी थोरली मुलगीच. नळाला पाणी येण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच असली तर हंड्यामागे उभी राहणारीही तीच. विहारचे पाणी मुंबईस १८६० साली आले, तानसाचे १८९२ साली. तरी चाळीत दर मजल्याला एक नळ असला म्हणजे भाग्य. आपल्या गावठाणांतील मुली तर विहिरीवरून पाणी भरीत. तेव्हा पाण्याचा नळ हा मुलींच्या शिक्षणाचाच एक भाग आहे, हे एकसष्टाव्या कलमाने न सांगताही सिद्ध होते. जेथे नळ घरात आला तेथे मुलीच्या सकाळचे दोन तास मोकळे झाले. शाळेत पाणी आणि मुलींकरिता वेगळा, कडी लागणारा संडास नसेल तर बारातेरा वर्षांची मुलगी घरी राहते, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. शिक्षणाच्या सभांतून ह्याविषयी बोलण्यास लाज वाटते म्हणूनच ती पुन्हा सांगावी लागते.

सक्तीच्या शिक्षणाकरिता गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात बिल आणले, ते पुढल्या वर्षी नापास झाले. पण त्याचे बीज फुकट गेले नाही. विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील म्युनिसिपालिट्यांकरिता तसा कायदा झाला, आणि मुंबई शहराकरिता निराळा कायदा १९२० साली झाला. प्रत्यक्ष सक्तीचा आरंभ १९२५ साली एफ व जी ह्या दोन वॉर्डांत झाला. हे वॉर्ड म्हणजे परळ, शिवडी, दादर, माहीम, वरळी हा भाग. माहीमचे सेंट मायकेलचे देऊळ आणि दादरचे पोर्तुगीज चर्च ह्याच हद्दीतली. म्हणजे आपल्या ज्ञातिबांधवांची जुनी वस्ती सक्तीच्या शिक्षणाच्या पहिल्याच कक्षेत आली होती.

येथे एक आठवण देणे आवश्यक आहे. माझगावच्या मातारपाखाडीचे जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना सारी मुंबई काका म्हणून ओळखीत असे, ते ह्याच १९२५ साली कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आधी १९०६ साली डॉ. अकाशियो व्हिएगस त्या खुर्चीवर बसले होते. मांडवीत १८९६ साली प्लेग ओळखला तो त्यांनीच. म्हणजे नगराच्या कारभारात आपल्या धर्माच्या माणसांस जागा नव्हती असे कोणी म्हणू नये. बॅप्टिस्टा तर मजुरांचे वकील, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. त्यांना धर्मग्रामाच्या कुंपणात राहावयास कधी सुचलेच नाही. पण त्यांच्यामागून त्या वाटेने आपले किती लोक गेले? आपला समाज रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, गोदीत स्थिरावला, त्याकरिता इंग्रजी हवी म्हणून गावच्या देवळाजवळच्या शाळाही क्रमाने इंग्रजी झाल्या, आणि म्युनिसिपालिटीची मराठी शाळा ही 'त्यांची' शाळा झाली. 'त्यांची' म्हणजे कोणाची, हा प्रश्न मनात येऊ नये म्हणूनच की काय, तो शब्द आपण सहज वापरतो.

स्त्रियांनी कारभारात यावे ह्याची कथाही ह्याच सुमाराची. १९२२ च्या दुरुस्तीने महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यास मत मिळाले आणि सभासदांची संख्या एकशे सहा झाली. १९२३ साली स्त्रिया प्रथमच सभासद म्हणून सभागृहात आल्या; त्यांत सरोजिनी नायडू होत्या आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. अवंतिकाबाईंचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. त्या सुइणीचे व शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या होत्या; गिरणगावातील बाळंतिणींची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. अशी बाई सभागृहात बसली म्हणजे चर्चेचा विषय बदलतो. पुरुष सभासद शाळेच्या इमारतीचा खर्च विचारील. ती विचारील की शाळेत पिण्याचे पाणी कोठे आहे. सर्व प्रौढांस मत मिळून निवडणूक झाली ती १९४८ साली. १९५६ साली सुलोचना मोदी ह्या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

मध्यंतरी आपल्या गावांचेही भाग्य पालटले. साष्टीतील वांद्रे, कुर्ला, अंधेरी ही गावे १९५० साली मुंबईत आली. दहिसर, मुलुंडपर्यंतची १९५७ साली. तोवर जेथे लहान म्युनिसिपालिटी किंवा नुसती ग्रामपंचायत होती तेथे देशातील सर्वांत श्रीमंत नगरसंस्थेचे एकसष्टावे कलम लागू झाले. जुन्या लोकांना ह्या बदलात शेती गेल्याचे, वाड्या गेल्याचे दुःख आठवते, आणि ते खोटे नाही. मात्र त्याच बदलाने प्राथमिक शाळा मागण्याचा हक्कही आला, हे त्या दुःखात विसरले गेले.

स्त्रियांकरिता राखीव जागा महाराष्ट्रात १९९० पासून आल्या. १९९२ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागांचा नियम साऱ्या देशास लागला, आणि २०११ साली महाराष्ट्राने तो निम्म्यावर नेला. २०१२ च्या निवडणुकीत मुंबईच्या दोनशे सत्तावीस जागांपैकी एकशे चौदा स्त्रियांकरिता होत्या. आज सभागृहात स्त्री दिसते ह्याचे नवल कोणास वाटत नाही. पण सभागृहच नसेल तर? मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार एकट्या प्रशासकाने पाहिला. एवढ्या काळात शाळेच्या नळाची तक्रार घेऊन जावयास कोणत्याही आईला नगरसेविकेचे दार नव्हते. रस्ते खोदले गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी ओरड केली. शिक्षण समिती बसत नाही ह्याची ओरड आम्ही फारशी ऐकली नाही.

आता जे सांगावयाचे ते थोडे कडू आहे, आणि महोत्सवाच्या जेवणाआधी ते सांगितल्याबद्दल उत्सवसमितीने आम्हांस क्षमा करावी.

आज मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. इतक्या भाषांतून गरिबाच्या मुलीस फुकट शिकविणारी नगरसंस्था जगात फार थोडी असेल. २०१० साली अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा हक्क आठव्या इयत्तेपर्यंत नेला. पण आठवीनंतर? म्युनिसिपालिटीच्या माध्यमिक शाळा तिच्या प्राथमिक शाळांच्या मानाने थोड्या आहेत. आठवी झालेल्या मुलीस नववीकरिता दूरची शाळा शोधावी लागते, बसचे भाडे लागते, आणि तिला एकटी पाठवावयाची की नाही हा प्रश्न घरात उभा राहतो. मुलाकरिता तो प्रश्न उभा राहत नाही. येथे पुष्कळ मुली थांबतात. त्या नापास झालेल्या नसतात. पुढली पायरीच नसते.

आणि ही पुढली पायरी पुष्कळ ठिकाणी आपल्याच देवळाच्या आवारात असते. आपल्या शाळांत नववीचा वर्ग आहे, प्रयोगशाळा आहे, मुलींकरिता संडास आहे, सिस्टर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असा निर्णय दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांस शिक्षणहक्काचा कायदा लागू होत नाही. म्हणून गरिबांकरिता पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन आपल्या शाळांवर राहिले नाही. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका दाखवून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. न्यायालये काय ते ठरवितील. अल्पसंख्याकांचा हक्क मोलाचा आहे, तो राखिलाच पाहिजे, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु कायद्याने मोकळीक दिली म्हणजे कर्तव्य संपले, हे ज्या समाजाने भाकरीच्या चमत्काराचे शुभवर्तमान दरवर्षी ऐकले आहे त्याने म्हणू नये. इंग्रजी माध्यमाची अडचण खरी आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलीस नववीत एकदम इंग्रजी वर्गात बसविले तर ती बुडेल. म्हणून आमची सूचना इतकीच आहे की नववीच्या आधीच्या सुट्टीत अशा मुलींकरिता दोन महिन्यांचा इंग्रजीचा वर्ग आपल्या धर्मग्रामाने चालवावा, आणि नववीत थोड्या जागा त्यांच्याकरिता ठेवाव्या. निवृत्त शिक्षिका आपल्याकडे किती आहेत हे ह्या सभागृहात नुसती मान वळवून पाहिले तरी कळेल. १८४९ साली कॉलेजातील पोरांनी विनावेतन सकाळचे तास दिले. आपल्या शिक्षिकांजवळ पोक्तपणाही आहे.

दुसरी गोष्ट आयांकरिता. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी व म्युनिसिपल शाळेस एक व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्या सभासदांत तीनचतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. तेथे बसावयास पदवी लागत नाही, इंग्रजी लागत नाही, घरपट्टीची पावती लागत नाही. १८७२ साली ज्या चाळीतल्या बाईस कॉर्पोरेशनच्या दाराशी उभे राहण्याचीही सोय नव्हती, तिच्या पणतीस ही खुर्ची कायद्याने दिली आहे. आपल्या धर्मग्रामात अशी काही घरे आहेत की ज्यांची मुले म्युनिसिपल शाळेत जातात. त्यांची नावे रविवारच्या मिस्सेनंतर कोणी विचारीत नाही, आणि तीही संकोचाने सांगत नाहीत. त्या घरांतील आयांनी ह्या समितीत जावे, आणि आपल्या महिला मंडळाने त्यांस सोबत द्यावी. कागद वाचून दाखवावे, अर्ज लिहून द्यावे, वॉर्ड ऑफिसात बरोबर जावे.

समितीत गेल्यावर मोठी भाषणे करावयाची नाहीत. हजेरीपट मागावा. गेल्या वर्षी आठवीत किती मुली होत्या आणि त्यांपैकी आज नववीत कोठे कोठे आहेत, हे मुख्याध्यापकांस नावानिशी विचारावे. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या घरी जावे. मुलींच्या संडासास कडी आहे का, पाणी दुपारनंतर राहते का, हे स्वतः जाऊन पाहावे. उत्तर लेखी मागावे, आणि त्या कागदाची एक प्रत आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकास द्यावी.

 महिला मंडळाच्या ज्या भगिनींस ह्या कामात यावयाचे असेल त्यांनी जेवणानंतर शाळेच्या पडवीत थांबावे. आम्ही वही घेऊन तेथेच बसणार आहोत.